‘ते औषध बरोबर तिथेच कसं जातं?’ आणि इतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीच्या सुट्टीत आमच्या फोंड्याजवळच्या गावातल्या वाचनालयात माझं भाषण ठेवलं होतं. विषय होता हुशार पदार्थ आणि नेमक्या जागी पोचवायची औषधं. भाषण चाळीस मिनिटांत आटोपलं. प्रश्न मात्र दीड तास चालले आणि उरलेसुरले व्हॉट्सॲपवर अजून येताहेत. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. मी रसायनशास्त्रातली संशोधक आहे, डॉक्टर नाही. ‘माझ्या रिपोर्टात असं असं आलंय, काय करू?’ याचं उत्तर इथे मिळणार नाही. त्यासाठी बांबोळीला गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, ओपीडी आहे.

तुम्ही नेमकं करता काय?

सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, सालांतून निघणारा एक पदार्थ आणि समुद्री शेवाळातून निघणारा दुसरा, यांचे बारीक कण बनवते. त्यांत औषध कोंडते. मग ते कण जठरासारख्या आम्लात, लहान आतड्यासारख्या आणि मोठ्या आतड्यासारख्या द्रावणात ठेवून ठरावीक वेळाने थोडं थोडं द्रावण काढते आणि औषध किती बाहेर आलं ते मोजते. औषध आहे मेसालामाइन, मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येतात त्या आजारावरचं. ते मोठ्या आतड्यात उतरलं पाहिजे, आधी नको, एवढीच माझी सगळी धडपड. वर्षातले बहुतेक दिवस मोजण्यातच जातात. ‘शोध’ म्हणावा असा दिवस क्वचित उगवतो.

‘स्मार्ट मटेरियल’ म्हणजे आत चिप असते का?

नसते. बॅटरी नाही, मेंदू तर नाहीच. हुशार हा शब्द मला स्वतःला खटकतो, पण अनुदानाच्या अर्जात तो खपतो. ‘प्रतिसादी पदार्थ’ म्हटलं तर खऱ्याच्या जास्त जवळ जातं. भोवतालची परिस्थिती थोडीशी बदलल्याबरोबर जो पदार्थ एकदम पालटतो, तो प्रतिसादी. मिठाचं पाणी थोडं तापवलं तर ते थोडं तापतं, बाकी काही नाही. दुधात मात्र लिंबाचे थेंब टाकत राहा: बराच वेळ दूध दूधच असतं आणि मग एका थेंबाला फाटतं.

दुधाचं उदाहरण मी नुसतं गंमत म्हणून देत नाही. दुधातल्या केसिन या प्रथिनाचे गोल पुंजके असतात, सरासरी दीडशे नॅनोमीटरच्या आसपासचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात धड विरघळत नाही. तसंच मोकळं असतं तर खाली गाळ बसला असता. ते या पुंजक्यांच्या आत अडकवून ठेवलेलं असतं. दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो. (सामू शाळेत शिकलोय आपण: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. एक अंक खाली उतरला की आम्लता दहापट.) सामू उतरत गेला की आतलं कॅल्शियम फॉस्फेट सुटून बाहेर येतं, आणि ४.६ ला पुंजके एकमेकांना चिकटून दही होतं. वासराच्या पोटातही दूध फाटतं, तिथे आम्लाच्या जोडीला एक विकरही असतं. न विरघळणारा माल बारीक कणांत भरायचा, वाटेत सांडू द्यायचा नाही आणि आम्ल लागलं की मोकळा करायचा! ज्यासाठी आम्ही प्रबंध लिहितो ते गोठ्यातली गाय रोज सकाळी करून दाखवते.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तोही प्रतिसादच. फक्त त्यात काही वाहून नेलेलं नसतं.

मग औषधाला कळतं कसं, कुठे जायचं ते?

कळत नाही. सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

गुडघा दुखतो म्हणून गोळी घेतली तर ती गुडघ्याकडे निघत नाही. आतड्यातून रक्तात जाते आणि रक्त जिथे जिथे जातं तिथे सगळीकडे पोचते, गुडघ्याच्या वाट्याला त्यातली चिमूटभर येते. वेदनाशामकाचं असं झालं तर फारसं बिघडत नाही. कर्करोगावरची औषधं पेशींना मारण्यासाठीच असतात, ती सगळीकडे फिरली की केसांची मुळं, तोंडाची आतली त्वचा, अस्थिमज्जा, सगळ्यांना मार बसतो. जर्मनीच्या पाउल एर्लिखने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ‘जादूच्या गोळी’ची कल्पना मांडली होती. रोगाला लागेल आणि रोग्याला लागणार नाही, अशी गोळी. कल्पनेला शंभराहून जास्त वर्षं झाली आणि आम्ही अजून तीच घासतो आहोत.

तिथवर पोचण्याचे ढोबळ मार्ग तीन. पहिला निव्वळ आकाराचा. गाठ घाईघाईने वाढते, तिच्या रक्तवाहिन्याही घाईत बांधलेल्या असतात, कच्च्या बांधकामासारख्या, त्यांना फटी राहतात. शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे कण निरोगी रक्तवाहिनीतून सहसा बाहेर पडत नाहीत, गाठीतल्या फटींतून झिरपतात आणि तिथला निचरा वाईट असल्यामुळे तिथेच राहतात. हे १९८६ मध्ये जपानच्या कुमामोतोमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं. यात कणाने काही ओळखलेलं नाही. गळक्या नळाखाली बादली भरते, तसंच हे.

दुसरा मार्ग कणावर एखादा रेणू टांगायचा, जो विशिष्ट पेशीवरच्या ग्राहीत, म्हणजे त्याच्याच मापाच्या खोबणीत, बसतो. स्तनांच्या काही कर्करोगांत हर-टू नावाचं प्रथिन पेशीवर दाटीने असतं, त्याला चिकटणारं प्रतिद्रव्य म्हणजे ट्रास्टुझुमॅब. त्याच्याच पाठीवर जहाल औषध बांधून केलेलं संयुग २०१३ पासून अमेरिकेत वापरात आहे. पण इथेही कुणी शोधत जात नाही. ते रक्ताबरोबर वाहत जातं, योगायोगाने त्या पेशीशी गाठ पडली तर चिकटतं, नाही पडली तर पुढे वाहतं.

तिसरा मार्ग आमचा, प्रतिसादी पदार्थांचा. पोचायचं तिथे पोचेपर्यंत औषध कुलुपात ठेवायचं आणि तिथल्या रसायनाने कुलूप उघडायचं. रक्ताचा सामू ७.४ असतो. गाठीतल्या पेशींच्या भोवती तो ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो, कारण त्या साखर अर्धवट जाळून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत असतात. पेशीने कण गिळला की ज्या पिशवीत तो जातो तिथे ५ ते ६, आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचरा जिरवणाऱ्या पिशवीत, ४.५ च्या आसपास. दुसरं कुलूप गंधकाचं: दोन गंधक-अणूंमधला बंध रक्तात टिकतो आणि पेशीच्या आत तुटतो, कारण ग्लुटाथायोन हा रेणू बाहेरच्यापेक्षा आत शेकडो पटींनी जास्त असतो. हे सगळे आकडे आम्हा लोकांना बाजारातल्या माशांच्या भावासारखे तोंडपाठ असतात.

म्हणजे सगळं औषध गाठीतच जातं ना?

नाही. टोरोंटोच्या एका गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक (मीडियन) निघाला ०.७ टक्का. शंभरातला एकसुद्धा पुरता नाही. बाकीचे बहुतांश यकृत आणि प्लीहा पकडतात. त्यांचं कामच ते, रक्तातला उपरा माल काढायचा. सहा नॅनोमीटरहून लहान कण असेल तर मूत्रपिंडातून निघून जातो, दोनशेच्या वर गेला तर प्लीहेच्या चाळणीत अडकतो. शिवाय रक्तात शिरल्याबरोबर प्रथिनं त्याच्यावर थर चढवतात आणि आम्ही हौसेने टांगलेले रेणू त्याखाली झाकले जातात.

हा आकडा मी भाषणात सांगितला तेव्हा पुढच्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक हसले आणि म्हणाले, ‘मग एवढा खर्च कशाला?’ पुढचं उत्तर त्यांच्यासाठी.

मग एवढा खर्च कशाला?

कारण फायदा पोचण्यात जेवढा असतो, तेवढाच, कधीकधी जास्त, न पोचण्यात असतो.

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं, जुनं, चांगलं आणि हृदयाला घातक औषध. ते मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सिल नावाने आलं. भरण्याची युक्ती सुंदर आहे. पिशवीत आधी अमोनियम सल्फेट ठेवायचं. बाहेरचं औषध मेदाच्या भिंतीतून आत शिरतं, आत त्याला प्रोटॉन मिळतो, सल्फेटबरोबर त्याचे स्फटिक बनतात आणि मग त्याला भिंत ओलांडून परत येता येत नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त औषध असं आत कोंडता येतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फटी नसतात, म्हणून पिशव्या तिथे उतरत नाहीत आणि हृदय पुष्कळ वाचतं. त्याची किंमत भलतीकडे मोजावी लागते: तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलतात. एक काढलं तर दुसरं निघतं. २०१२ मध्ये अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने भारतातल्या सन फार्माचं लायपोडॉक्स आणायला तात्पुरती परवानगी दिली होती.

दुसरं उदाहरण तुम्ही विसरला नसाल. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी आली आणि लोक ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन’ची चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. साधं अँफोटेरिसिन मिळत असताना हेच का हवं? कारण साधं औषध मूत्रपिंडं खराब करतं आणि त्या रुग्णांत मधुमेही पुष्कळ होते. मेदात बांधलेलं तेच औषध मूत्रपिंडाला बरंच कमी त्रास देतं. याचं एक भारतीय रूप, फंगिसोम, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातले प्रा. बच्छावत यांच्या कामातून उभं राहिलं. आपल्याकडे हे सगळं परदेशातूनच येतं असं म्हणणाऱ्यांना मी हे नाव मुद्दाम सांगते.

आमच्या घरात असं एखादं हुशार औषध असेल का?

जवळजवळ नक्की असेल. पित्तावरची पँटोप्राझोलची गोळी बघा. पँटोप्राझोल आम्लात टिकत नाही, म्हणजे जठरातच त्याचं वाटोळं होतं. म्हणून गोळीवर एका पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचं, अस्तर असतं. त्या पॉलिमरच्या साखळीवर कार्बोक्सिलिक आम्लाचे गट असतात. जठरात सामू १ ते ३, तिथे हे गट शांत असतात आणि अस्तर विरघळत नाही. लहान आतड्यात सामू साडेपाच-सहाच्या वर गेला की गट प्रोटॉन सोडतात, ऋणभारित होतात, एकमेकांना ढकलतात आणि अस्तर पाण्यात विरघळून जातं. साखळीतल्या दोन घटकांचं प्रमाण बदललं की कुठल्या सामूला विरघळायचं ते ठरवता येतं. सात लागेपर्यंत दम धरणारं अस्तरही मिळतं, आणि मेसालामाइनच्या जुन्या गोळ्यांवर ते असतं. हे पॉलिमर १९५० च्या दशकात जर्मनीत आले. तेव्हा त्यांना कुणी हुशार म्हणत नव्हतं. ते गुपचूप काम करत राहिले.

आमच्या आत्याला गोळी गिळायला जमत नाही. तिने वर्षभर ही गोळी पाट्यावर कुटून केळ्यातून घेतली आणि वर्षभर ‘या औषधाने काही होत नाही’ म्हणून डॉक्टरला नावं ठेवली. अस्तर फोडल्यावर काय होणार? अशी गोळी कुटू नका, चावू नका, अर्धी करू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरला किंवा फार्मसीवाल्याला विचारा, दुसरं रूप मिळू शकतं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, नॅनोबिनो राहू दे.

सुंगटांच्या सालांतून औषध निघतं?

औषध नाही, औषधाची पिशवी. सालांत कायटिन असतं. कापूस ज्या सेल्युलोजचा बनतो त्याचाच हा भाऊबंद. सालं आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायची. त्यातला चुना फसफसून निघून जातो. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिनं काढायची. उरतं ते कायटिन. ते चाळीस-पन्नास टक्के कॉस्टिक सोड्यात तापवलं की त्याचे ॲसिटिल गट तुटतात आणि कायटोसान मिळतं. (घरी करू नका. तेवढा तीव्र कॉस्टिक सोडा डोळ्यात उडाला तर डोळा जातो.) पांढरट पापुद्रे, चव नाही. साध्या पाण्यात विरघळत नाहीत, व्हिनेगरमध्ये विरघळतात.

हे व्हिनेगरचंच खरं मर्म आहे. कायटोसानवर अमाइन गट असतात. सामू साडेसहाच्या खाली गेला की त्यांना प्रोटॉन चिकटतो, साखळीभर धनभार येतो, भार एकमेकांना ढकलतात आणि पदार्थ फुगतो किंवा विरघळतो. म्हणजे गोळीवरच्या अस्तराच्या नेमकं उलट. नुसत्या कायटोसानात औषध भरलं तर ते जठरातच सांडेल. म्हणून दुसरा पदार्थ: अल्जिनेट, तपकिरी शेवाळातला. हणजुणच्या खडकांवर ओहोटीला सरगॅसम नावाचं जे शेवाळ दिसतं, ते त्याच जातकुळीतलं. अल्जिनेटवर ऋणभार असतो, ते आम्लात आक्रसतं आणि अल्कलीकडे गेलं की फुगतं. धन आणि ऋण एकमेकांना घट्ट धरतात, जठरात अल्जिनेट दार लावून बसतं. पुढे मोठ्या आतड्यात जिवाणूंची वस्ती आहे, त्यांची विकरं कायटोसान कुरतडतात आणि आतलं औषध सुटतं.

अल्जिनेटचं द्रावण सुईतून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडलं की प्रत्येक थेंब जागच्या जागी गोठून मणी बनतो. पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा आमच्या आईने बशीत डोकावून विचारलं, ‘गाबोळी कुठल्या माशाची?’ तेव्हापासून आमच्या गटात त्याला गाबोळीच म्हणतात. आता करतो ते कण यापेक्षा हजारो पटींनी बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत, पण नाव राहिलं.

या सालांचा एक त्रासही सांगते, कारण लेखात तो कुणी छापत नाही. सालांचा प्रत्येक हप्ता वेगळा निघतो. कधी ॲसिटिल गट सत्तर टक्के निघालेले असतात, कधी नव्वद. साखळीची लांबी वेगळी. तेच प्रमाण, तेच तापमान, आणि औषध सुटण्याचा आलेख मात्र भलताच. पहिल्या वर्षी मी सहा महिने स्वतःच्या हाताला दोष देत होते.

सोमवारी चालेल का?

हा प्रश्न गमतीत आला होता, पण खरा आहे. शाकाहारी माणसाने कोळंबीतून आलेलं औषध घ्यावं का, हे त्याने ठरवायचं. बुरशीच्या आणि अळंब्यांच्या पेशीभित्तिकेतही कायटिन असतं आणि त्यापासून केलेलं कायटोसान बाजारात मिळतं. सोमवार आणि श्रावण, दोन्ही सुटले.

मला सुंगटांची ॲलर्जी आहे, मग?

ही ॲलर्जी बहुधा मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, सालातल्या कायटिनची नाही. नीट शुद्ध केलेल्या कायटोसानात प्रथिन जवळपास उरत नाही. तरी ‘जवळपास’ या शब्दावर कुणी विसंबू नये, डॉक्टरला ॲलर्जी आधी सांगावी.

डिचोलीच्या खाणींत एवढं लोखंड आहे, चुंबकाने औषध ओढता येणार नाही का?

प्रश्न विचारणारा मुलगा आठवीतला होता आणि भाषणातला सगळ्यात चांगला प्रश्न त्याचाच. आपल्या खाणींतलं खनिज मुख्यतः हेमॅटाइट, ते चुंबकाला जेमतेम दाद देतं. लागतं ते मॅग्नेटाइट, आणि तेही आम्ही प्रयोगशाळेतच बनवतो: फेरिक आणि फेरस क्षार दोनास एक प्रमाणात घ्यायचे, अमोनिया ओतायचा, क्षणात काळा साका तयार. कण वीसेक नॅनोमीटरच्या आत असले तर चुंबक जवळ असेपर्यंतच ते चुंबक असतात, काढला की गुण जातो, त्यामुळे रक्तात गोळे होत नाहीत. अडचण अंतराची. चुंबकाचं बळ अंतराबरोबर भराभर घटतं. त्वचेखाली एखाद्या सेंटिमीटरवरची गाठ असेल तर ठीक, पोटात खोल यकृतातली असेल तर बाहेरचा चुंबक काय ओढणार? म्हणून असे कण ओढण्यापेक्षा तापवण्यासाठी जास्त अभ्यासले जातात. उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ते गरम होतात.

उष्णतेने उघडणारे पदार्थही आहेत. त्यातला एक पॉलिमर ३२ अंशांखाली पाण्यात खुशाल विरघळतो आणि त्यावर गेला की अंग चोरून बाहेर पडतो, साखरेच्या उलट. आणि चाळीस-बेचाळीस अंशांना उघडणाऱ्या लायपोसोमची, थर्मोडॉक्सची, गोष्ट आमच्या क्षेत्रात दबक्या आवाजात सांगतात. रसायन उत्तम, प्राण्यांतले निकाल उत्तम. यकृताच्या कर्करोगावरची मोठी चाचणी २०१३ मध्ये अपेक्षित फरक दाखवू शकली नाही, दुसरीही पुढे थांबवावी लागली.

कोविडची लस याच प्रकारातली ना?

गोव्यात बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन, त्या नव्हेत. एमआरएनए लसी, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं त्याचा संदेश मेदाच्या कणांत भरलेल्या लसी, मात्र अगदी याच प्रकारातल्या. त्यातला मेदरेणू रक्तात भाररहित असतो, पेशीच्या आम्लधर्मी पिशवीत गेला की धनभारित होतो, पिशवीची भिंत फोडतो आणि आतला संदेश बाहेर सोडतो. जगातल्या कोट्यवधी दंडांत टोचला गेलेला प्रतिसादी पदार्थ हा. भारतातली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जिनोव्हाची, तिला २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली.

साखर वाढली की आपोआप सुटणारं इन्सुलिन कधी येणार?

हे विचारणारे सगळ्यात जास्त, आणि त्यात नवल नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं: २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४ असताना. सभागृहात साठ माणसं असतील तर हिशेब तुम्हीच करा.

कल्पना १९७९ पासून आहे. आज जास्त काम चालतं ते फिनाइलबोरॉनिक आम्लावर. त्याला ग्लुकोज चिकटलं की पॉलिमरचा भार बदलतो, जाळं फुगतं आणि इन्सुलिन सुटतं. बशीत हे छान चालतं. पण साखर खाली आल्यावर दार तितक्याच चटकन मिटलंही पाहिजे. उशीर झाला तर रात्री झोपेत साखर घसरेल, आणि ती जास्त साखरेपेक्षा लवकर मारते. औषधाच्या दुकानात असं इन्सुलिन आज नाही. तोवर गोळ्या सोडू नका.

‘नॅनो हळद’ थेंब घ्यावेत का?

जाहिरातीतला फोटो पाठवून पाच जणांनी विचारलं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि शोषलेलंही शरीर लगेच मोडून टाकतं, हे खरं. बारीक कणांत बांधल्यावर ते जास्त शोषलं जातं, हेही खरं. जास्त शोषलं म्हणजे आजार बरा झाला असं मात्र होत नाही, आणि बाटलीवर ‘नॅनो’ छापलं म्हणजे आत तसे कण असतीलच असंही नाही. माझे पैसे असते तर मी त्यांचे मानकुराद आंबे घेतले असते.

उंदरांवर प्रयोग करता?

मी स्वतः नाही. बशीतले निकाल चांगले आले तर सहकारी औषधशास्त्रज्ञ करतात, आणि संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी असल्याशिवाय एकही प्राणी मागवता येत नाही. किती, का, आणि कमी प्राण्यांत का होणार नाही, हे लिहून द्यावं लागतं. द्यावंच.

तुमचे कण बाजारात कधी?

बहुधा कधीच नाही. रागावू नका, खरं तेच सांगते. लायपोसोम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅमला सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आणि डॉक्सिल अमेरिकेत आलं १९९५ ला. मधे तीस वर्षं. प्रयोगशाळेत दोनशे मिलिलिटर बनवणं आणि कारखान्यात दोनशे लिटर बनवणं यांत ढवळण्याचा वेग बदलला तरी कणांचा आकार बदलतो. मग विषारीपणाच्या तपासण्या, माणसांवरच्या चाचण्यांचे टप्पे, २०१९ चे नव्या औषधांचे आणि चाचण्यांचे नियम, आणि त्याच वर्षी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने काढलेली नॅनो-औषधांची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं.

वेर्णा-कुंडईला एवढे औषध कारखाने असताना हे काम तिथे का होत नाही, असंही विचारतात. कारखान्याला मुदत संपलेल्या पेटंटची, खात्रीने खपणारी गोळी हवी असते, आणि आपल्याला ती स्वस्त हवी असते. माझ्यासारखीच्या हातून होतं ते एवढंच: कुठली वाट बंद आहे ते मोजून छापणं, म्हणजे पुढचा माणूस त्या गल्लीत शिरत नाही.

पावसाळ्यात काय करता?

चिडचिड. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतकं पाणी असतं की तराजूवर ठेवलेल्या कायटोसानचं वजन डोळ्यांदेखत वाढतं. गोठवून सुकवायच्या यंत्राला सलग दोन दिवस वीज लागते, आणि सलग दोन दिवस वीज मागणं म्हणजे आषाढात ऊन मागणं. एका जुलैत पहाटे तीनला वीज गेली, यूपीएस चाळीस मिनिटांनी निवर्तला आणि तीन आठवड्यांचे कण वितळून बाटलीच्या तळाशी कांजीसारखे बसले. आता तो प्रयोग मी डिसेंबरात करते.

माझ्या मुलीला हे शिकायचं आहे, गोव्याबाहेर जावं लागेल का?

सुरुवातीला तरी नाही. पणजीचं फार्मसी कॉलेज १९६३ पासून आहे, गोवा विद्यापीठ १९८५ पासून, झुआरीनगरला बिट्स २००४ पासून. बारावीनंतर रसायनशास्त्रातून बीएस्सी-एमएस्सी किंवा बी.फार्म.-एम.फार्म., दोन्ही वाटा इथेच येऊन मिळतात. नेट परीक्षेत शिष्यवृत्तीपुरते गुण मिळाले तर पीएचडीला महिना ३७,००० रुपये कनिष्ठ शिष्यवृत्ती असते, २०२३ पासूनचा हा दर. वेळेवर येतेच असं नाही. तिला गणित आवडतं का ते विचारा. आणि एकदा ओहोटीच्या वेळी हणजुणच्या खडकांवर घेऊन जा.

तुझ्यासाठी सुंगटांची सालं फ्रीजरात साठवून ठेवलीयत, कधी आणून देऊ गो?

शेजारच्या काकींनी चवथीनंतर दोन किलो जमवली आहेत, आणखी दोन घरांतून तसाच निरोप आहे. काकी, मनापासून आभार, पण नकोत. सगळी सालं एका जातीच्या कोळंबीची, एका हंगामातली, सोलल्याबरोबर धुऊन सुकवलेली लागतात, आणि तुमच्यात हळद-मीठ लावलेली आहेत असं वहिनी म्हणाल्या. माडाच्या मुळाशी घाला, चुना मिळेल त्याला. आतली सुंगटं उरली असतील तर ती मात्र रविवारी चालतील.